ऐंशीपैकी किती?

बेसबॉल हा अमेरिकेचा खेळ. आपल्याकडे तो शालेय क्रीडास्पर्धांच्या यादीत असतो, मैदानावर क्वचितच दिसतो. पण त्या खेळात माणसे पारखण्याची जी रीत आहे, तिच्याविषयी मिळेल ते मी वाचत आलो आहे. कारण उघड आहे. मी शिक्षक. माझी उमेद दुसऱ्यांच्या लेकरांच्या नावापुढे आकडे लिहिण्यात गेली.

तिथे ‘स्काउट’ नावाचा पगारी पारखी असतो. आपल्या शाळेतल्या खाकी गणवेशाच्या स्काउटशी त्याचा संबंध नाही. गावोगावच्या मैदानांवर जाळीमागे बसायचे, पोरे पाहायची आणि वहीत आकडे मांडायचे, हे त्याचे काम. आकडा २० पासून ८० पर्यंत. शून्य नाही आणि शंभरही नाही. ५० म्हणजे सर्वोच्च पातळीवरच्या खेळाडूंतला सरासरी माणूस. ८० एखाद्यालाच मिळतो. अचूक फटका, फटक्यातली ताकद, धाव, क्षेत्ररक्षण आणि फेक असे पाच गुण तपासायचे. प्रत्येक गुणाला आकडे दोन : एक आजचा, एक पुढचा. सतरा वर्षांच्या पोराची फेक आज ४५ ची असेल. पण त्याचे खांदे, मनगटे, अजून न भरलेले अंग पाहून स्काउट पुढचा आकडा ६० लिहितो.

हा दुसरा आकडा मला फार मोलाचा वाटतो. आपल्या गुणपत्रिकेत तो कधीच नव्हता. २०१० नंतर आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, वर्णनात्मक नोंदी आल्या. आणि त्या नोंदींची तयार पुस्तकेही बाजारात आली! ‘गटकार्यात उत्साहाने भाग घेतो’ हे वाक्य राज्यातल्या किती लाख मुलांच्या नावावर असेल, अल्लाह जाणे.

पण दुसरा आकडा म्हणजे भविष्य सांगणे, आणि गैबचे ज्ञान स्काउटला नसते. बिली बीन नावाचा एक उंचापुरा, देखणा पोरगा होता. पाचही गुण त्याच्यात आहेत यावर पारख्यांचे एकमत होते. १९८० साली न्यूयॉर्क मेट्सने त्याला पहिल्याच फेरीत घेतले. मोठ्या मैदानावर तो जेमतेम १४८ सामने खेळला. याच बीनने पुढे ओकलंड संघाचा व्यवस्थापक होऊन पारख्यांच्या नजरेपेक्षा हिशेबाच्या वहीवर जास्त भरवसा ठेवला. उलट माइक पियाझा १९८८ साली बासष्टाव्या फेरीत, १३८९ जणांनंतर घेतला गेला. तोही वडिलांच्या ओळखीमुळे. २०१६ मध्ये त्याचे नाव त्या खेळाच्या सन्मानगृहात लागले. वशिल्याने एकदा न्याय झाला, असे म्हणायला जीभ अडखळते. पण घडले ते असे.

पाच गुणांपैकी काहींना यंत्र आहे. धावेला स्टॉपवॉच, फेकीला वेग मोजणारी रडार गन. यंत्राला जात कळत नाही, नाव कळत नाही. २००८ साली भारतात झालेल्या एका स्पर्धेत उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे भालाफेक करणारे दोन तरुण केवळ हाताच्या वेगावर आणि नेमावर निवडले गेले आणि त्याच वर्षी पिट्सबर्गच्या संघाशी करारबद्ध झाले. दोघांनी आयुष्यात बेसबॉल खेळलेला नव्हता.

खरा प्रश्न यंत्र संपते तिथून सुरू होतो. स्काउटच्या कागदावर शेवटी एक रकाना असतो : स्वभाव. जिद्द, शिस्त, घरचे वळण, पडल्यावर उठण्याची ताकद. जुने पारखी तर ‘चेहरा चांगला आहे’ असेही लिहीत. म्हणजे काय? तर पाहणाऱ्याला तो आपल्यातला वाटला. २०-८० च्या मोजपट्टीचे श्रेय ज्याला दिले जाते, त्या ब्रँच रिकीने ऑगस्ट १९४५ मध्ये जॅकी रॉबिन्सन या काळ्या खेळाडूला समोर बसवून तासन्‌तास जोखले ते याच रकान्यासाठी. शिवीगाळ होईल, अंगावर धावून येतील, तरी हात उचलणार नाहीस ना? रॉबिन्सन त्या कसोटीला उतरला आणि १९४७ साली मैदानात आला. पण सब्रची परीक्षा ज्याच्यावर जुलूम होणार होता त्याचीच घेतली गेली. शिव्या देणाऱ्यांच्या स्वभावाला कोणी आकडा दिला नाही.

आपल्या मराठी मुलखात या रकान्याचा इतिहास पळवणकर बाळूंपाशी सुरू होतो. पुण्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यावर खेळपट्टीची निगा राखणारा, महिना चार रुपये पगाराचा, चांभार समाजातला हा तरुण नेटमध्ये इंग्रजांना गोलंदाजी करीत असे. डाव्या हाताची किमया सर्वांना दिसत होती. हिंदूंच्या संघाने त्याला घेतलेही. पण चहा मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर त्याने शंभरावर बळी घेतले. तरी कर्णधारपद त्याला मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्याच्या भावाला, विठ्ठलला मिळाले. फेकीचा आकडा कोणी नाकारला नव्हता. नाकारला तो शेवटचा रकाना.

आणि त्याही आधीची एक गोष्ट आहे : पारख्याची गाडी कोणत्या गावापर्यंत येते? श्रीरामपूरचा झहीर खान वेगवान गोलंदाज व्हायला मुंबईत गेला, तिथून चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये टी. ए. शेखर यांच्या नजरेखाली घडला, खेळला बडोद्याकडून, आणि कसोटीत ३११ बळी घेऊन थांबला. त्याची कीर्ती आपण हक्काने सांगतो. पण श्रीरामपूरला कोणी पाहायला आले नव्हते, तोच निघाला होता. याच फाउंडेशनमध्ये डेनिस लिलीने सचिन तेंडुलकरला सांगितले की तू फलंदाजीकडेच लक्ष दे. म्हणजे नकारही नीट पाहून दिला तर उपकार ठरतो. २००२ मध्ये क्रिकेट मंडळाने मकरंद वायंगणकरांच्या कल्पनेतून आणि दिलीप वेंगसरकरांच्या देखरेखीखाली लहान गावांत पारखी पाठवण्याची योजना काढली. प्रकाश पोद्दार आणि राजू मुखर्जी यांना जमशेदपुरात धोनी दिसला. योजनेची वयोमर्यादा १९; धोनी २१ ओलांडलेला. त्यांनी तरी त्याचे नाव लिहिले. वेंगसरकरांनी ते मान्य केले. ती योजना पुढे टिकली नाही.

आमच्या घनसावंगी तालुक्यातले जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव म्हणून ओळखले जाते. रामनवमीला गर्दी, एरवी कापूस, सोयाबीन, मोसंबी आणि टेनिस बॉलचे क्रिकेट. इथला एक पोरगा, आई कापूस वेचायला जाणारी, डाव्या हाताने असा वेग काढायचा की यष्टिरक्षक वीस पावले मागे उभा राहायचा. एका निवड चाचणीला तो गेला. पाठीवर नंबर, हातात सीझन बॉल. तो चेंडू त्याने त्याआधी हातात धरलेला नव्हता. सहा चेंडू मिळाले; दोन भलतीकडे गेले. परत आल्यावर मला म्हणाला, “सर, छे बॉल में क्या दिखता?”

वस्तीत लगेच चर्चा झाली : नाव ऐकून कापला. असे होत नाही असे मी म्हणणार नाही. बाळूंचे उदाहरण उगाच दिलेले नाही. पण त्याच एसटीने परत आलेल्या मराठा आणि बौद्ध पोरांनाही सहाच चेंडू मिळाले होते. नावावर खापर फोडले की सहा चेंडूंचा प्रश्न बाजूला राहतो, आणि तो प्रश्न सगळ्यांच्या लेकरांचा आहे. त्या पोराचा आजचा आकडा खरोखरच कमी असेल. पुढचा आकडा लिहिण्याइतके त्याला कोणी पाहिलेच नाही.

जालना जिल्ह्याला हे समजावून सांगायची गरज पडू नये. आपला जिल्हा बियाण्यांचा. पिशवीवर उगवणशक्ती छापलेली असते. सोयाबीनला किमान ७० टक्के. उगवले नाही तर शेतकरी अर्ज करतो, तालुक्याची समिती बांधावर येते, पंचनामा होतो. आकडा लिहिणाऱ्याला जाब द्यावा लागतो. पण चाळणीत ‘बाद’ म्हणून फेकलेला दाणा उगवला असता की नाही, याचा पंचनामा कुठेच होत नाही. स्काउटचेही तसेच. त्याने उचललेला बीन फसला तर जगाला दिसते. त्याने न पाहिलेला कोणालाच दिसत नाही. जॉश गिब्सन हा काळा फलंदाज जानेवारी १९४७ मध्ये वारला, रॉबिन्सन मैदानात येण्याच्या तीन महिने आधी. काळ्यांच्या वेगळ्या लीगमधले आकडे २०२४ मध्ये अधिकृत नोंदींत धरले, तेव्हा फलंदाजीच्या सरासरीत गिब्सन सर्वांच्या वर निघाला.

कुरआनात मापात मारणाऱ्यांच्या नावाने एक अख्खी सूरह आहे, अल्-मुतफ्फिफीन. आपण ती वाण्याच्या तराजूपुरती समजतो. मला वाटते, माणसाचे माप घेणाराही तिच्या बाहेर राहत नाही, मग तो निवड समितीत बसलेला असो, शाळेत असो की सोयरीक पाहायला आलेला असो. पारखच नको, असे म्हणून भागणार नाही. जागा अकरा आणि येणारे पाचशे, तर कोणीतरी नाही म्हणणारच. पण नाही म्हणताना दोन ओळी लिहून द्यायला काय हरकत आहे? किती वेळ पाहिले, कशाने मोजले, काय पाहायचे राहून गेले. सही करून. चाचणीला पोरे पाठवणाऱ्या आईबापांना मी आता एवढेच सांगतो, निकाल विचारू नका, तो कागद मागा. अजून तरी कोणाला मिळालेला नाही.