इंधनाची काटकसर व शेजारधर्म

इंधन महाग झाले म्हणजे काटकसर करावी, हे सांगावयास उपदेशक नको; ते काम पंपावरील आकडेच करतात. मे २०२१ मध्ये मुंबईत पेट्रोलचा दर लिटरमागे शंभर रुपयांच्या वर गेला, तेव्हा ज्यांनी जन्मात हिशेब ठेवला नव्हता तेही वही घेऊन बसू लागले. परंतु या वहीत न मावणारे दोन प्रश्न आहेत. ज्याने पुरते दाम मोजले त्याने ते इंधन हवे तसे जाळावे काय? आणि ज्यास दाम परवडत नाहीत त्याने बचतीसाठी कोणत्या थरापर्यंत जावे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ लोक चटकन देतात: "पैसा माझा, गाडी माझी." हे उत्तर अपुरे आहे. आपल्या देशास लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी शंभरात पंचाऐंशीहून अधिक भाग परदेशांतून येतो, व त्याचे मोल सर्वांनी मिळून भरावयाचे असते. डिझेल महागले की भाजीचा टेम्पो महागतो, नांगरणीचा ट्रॅक्टर महागतो, आणि ज्याच्या दारी सायकलही नाही अशा मजुरास ती महागाई मीठमिरचीत चुकती करावी लागते. एकाच्या उधळपट्टीने दर चढत नाहीत हे खरे. पण उधळपट्टी करणारा एकटा कधीच नसतो.

१९७३ च्या अखेरीस अरब राष्ट्रांनी तेल रोखून धरिले, तेव्हा अमेरिकेसारख्या श्रीमंत देशासही हा धडा शिकावा लागला. जानेवारी १९७४ मध्ये तेथे कायदा झाला की, कोणत्याही हमरस्त्यावर ताशी ५५ मैलांहून, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरांहून, अधिक वेगाने गाडी हाकू नये. हेतू तेल वाचविण्याचा होता. परंतु १९७३ मध्ये तेथील रस्त्यांवर सुमारे ५४ हजार माणसे मेली होती, ती संख्या पुढील वर्षी सुमारे ४५ हजारांवर आली. लोकांचा प्रवासच घटला होता, हेही त्याचे एक कारण. तथापि मंदावलेल्या वेगाचा वाटा त्यात मोठा होता. तेल वाचवावयास निघालेल्यांच्या हातून माणसे वाचली!

वेगाचे गणित आपल्या मोटारसायकलीसही लागू आहे. वारा गाडीस अडवितो तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. ताशी ५० चा वेग ८० वर नेला की वाऱ्याचा अडथळा अडीचपटीहून अधिक होतो, व तो मोडण्यासाठी पेट्रोलच जळते. एकदम दामटणे व एकदम ब्रेक दाबणे, चाकांत हवा कमी असणे, साखळी कोरडी असणे, पारावर गप्पा मारताना इंजिन फुरफुरत ठेवणे, या सर्वांची गळती अशीच. आठवड्यास एकदा चाकांतील हवा पाहावयास मिनिटे कितीशी लागतात?

वाहन निवडण्याच्या बाबतीत मात्र मला लोकांची घाई खटकते. पेट्रोल महागले म्हणून कर्ज काढून नवी गाडी घेणारे मी पाहतो. ज्याचे जाणेयेणे रोज दहा किलोमीटर, व ज्याची जुनी मोटारसायकल लिटरमागे पन्नास किलोमीटर जाते, त्यास महिन्यास सहा लिटर पेट्रोल लागते. शंभर रुपयांच्या दराने सहाशे रुपये. या सहाशेंतून तीन हजारांचा हप्ता कसा वाचणार? रोज लांबचा फेरा असणाऱ्याने, घरी रात्री वीज खात्रीने मिळत असल्यास, विजेवरील दुचाकीचा विचार जरूर करावा. इतरांनी आहे तीच नीट राखावी. आणि एस. टी. विसरू नये. एस. टी. लिटरमागे जेमतेम चारपाच किलोमीटर जाते. परंतु चाळीस जण बसले म्हणजे माणशी हिशेबात ती एकट्याच्या मोटारसायकलीस तिप्पट मागे टाकते. १ जून १९४८ रोजी पुणे व अहमदनगर यांच्या दरम्यान ती प्रथम धावली. ती रिकामी धावू लागली तर फेरी बंद होते, आणि मग ज्यांस दुसरे वाहनच नाही ते फाट्यावर उभे राहतात.

आता दुसरा प्रश्न. घाटात उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणारे ड्रायव्हर आपणांस ठाऊक आहेत. मोटारीचे इंजिन बंद पडले की ब्रेकास मिळणारे साह्य संपते, सुकाणू जड होते, व मागे बसलेल्यांचे प्राण थेंबभर तेलासाठी पणास लागतात. अलीकडच्या गाड्यांत तर गियरात राहून पाय उचलला की इंजिन आपोआपच तेल घेणे थांबविते. म्हणजे हे धाडस पापाबरोबर मूर्खपणाचेही झाले. त्याहून वाईट गोष्ट भेसळीची. रॉकेल मिसळलेले इंधन स्वस्त पडते. पण ते रॉकेल पुष्कळदा रेशनवरील गरिबाच्या दिव्यातून व चुलीतून पळविलेले असे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ हा धंदा पकडावयास गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनावणे यांस जिवंत जाळण्यात आले. स्वस्त माल कोठून आला हे न विचारता टाकी भरणारा मनुष्य त्या आगीपासून किती दूर उभा होता, हे ज्याने त्याने ठरवावे.

राहिली एक बारीक गोष्ट, व माझ्या मते सर्वांत कठीण. पेट्रोल महाग झाल्यापासून पुष्कळ घरांतील गाडी शेजाऱ्यांसाठी बंद झाली आहे. लग्नाच्या वरातीत दहा गाड्या धुरळा उडवितात, पण मध्यरात्री वाडीवरच्या बाळंतिणीस तालुक्यास न्यावयाचे असले म्हणजे "तेल नाही" असे उत्तर येते. वरातीतील दोन गाड्या कमी केल्या, तर तेवढ्या तेलात असे कित्येक फेरे होतात. काही ठिकाणी चारपाच घरे मिळून एका गाडीच्या टाकीत महिन्यास थोडेथोडे पैसे घालतात, व रात्रीअपरात्री ती कोणाच्याही हाकेस निघते. गाडीवाल्यास भुर्दंड नाही, व हाक मारणाऱ्यास संकोच नाही.