पान कुणी उलटलं?

ख्रिस्तोफर मार्लोचं 'डॉक्टर फॉस्टस', म्हणजे चोवीस वर्षांच्या करारावर सैतानाला आत्मा विकणाऱ्या पंडिताचं नाटक, मी टी.वाय.च्या वर्गाला बरीच वर्षं शिकवलं. शेवटच्या प्रवेशापाशी आलं की कुणीतरी विचारायचंच, "सर, तो ख्रिस्ताचा धावा करतोय ना? मग देव सोडवत का नाही?" प्रश्न रास्त होता. ही मुलं कीर्तनात अजामिळाची कथा ऐकलेली. त्यानं मरताना पोराला 'नारायणा' म्हणून हाक मारली आणि तेवढ्यावर विष्णुदूत धावून आले. फॉस्टसला मात्र बाराच्या ठोक्याला सैतान घेऊन जातात.

गाइडात उत्तर तयार असतं: गर्वाचं घर खाली. मला ते कधी पुरलं नाही. मार्लो केंब्रिजला शिकला १५८०च्या दशकात, आणि तेही पाद्री होऊ पाहणाऱ्या मुलांसाठी असलेल्या शिष्यवृत्तीवर. तिथे तेव्हा कॅल्व्हिनच्या शिकवणीचा जोर होता. कोण तरणार नि कोण बुडणार हे देवानं आधीच ठरवलेलं. पश्चात्तापाची बुद्धीसुद्धा तो देईल त्यालाच. १५९५ साली, मार्लो जाऊन दोन वर्षं झाल्यावर, केंब्रिजमध्येच एकानं याविरुद्ध प्रवचन केलं, तर त्याला शब्द मागे घ्यायला लावले. वर आर्चबिशप व्हिटगिफ्टच्या पुढाकारानं लॅम्बेथला नऊ कलमं निघाली. त्यातलं शेवटचं म्हणतं की तरणं प्रत्येकाच्या हातात नसतं. राणी एलिझाबेथला ती कलमं रुचली नाहीत, हा भाग वेगळा.

हे डोक्यात ठेवून पहिला प्रवेश वाचावा. फॉस्टस विटेनबर्गचा, म्हणजे ल्यूथरच्या गावचा पंडित. तर्कशास्त्र, वैद्यक, कायदा सगळं बाजूला सारून तो बायबल उघडतो. पापाचं वेतन मरण, एवढं वाचतो आणि थांबतो. त्याच वाक्याच्या उरलेल्या अर्ध्यात देवाच्या कृपेचं, अनंत जीवनाचं दान आहे. मग योहानाचं पहिलं पत्र: आपण सगळे पापी, इथपर्यंत. पुढच्याच वचनातली क्षमा गळली. धर्मशास्त्राच्या डॉक्टरानं असं वाचावं? समोरच्या प्रेक्षकांना चर्चला गेलं नाही तर दंड होता. ही वचनं त्यांच्या कानावरून शंभरदा गेलेली. गाळलेला अर्धा भाग त्यांच्यातल्या अनेकांना नक्कीच खटकला असणार.

नाटकाच्या जुन्या छापील संहिता दोन. १६०४च्या संहितेत हे अर्धवट वाचन सर्वस्वी फॉस्टसचं आहे. १६१६च्या संहितेत सैतानाचा दूत मेफिस्टोफिलिस अखेरीस कबूल करतो की तू धर्मग्रंथ हातात घेतलास तेव्हा पानं मीच उलटत होतो, तुझी नजर मीच वळवली. एवढ्या एका कबुलीनं सगळा न्यायच फिरतो. सैतानानंच पान उलटलं असेल, तर शिक्षा कुणाला आणि कशाची?

जादूचं म्हणाल, तर नाटकात तिला फारशी किंमतच नाही. मेफिस्टोफिलिस पहिल्याच भेटीत सांगतो की मी तुझ्या मंत्रानं बांधून आलो नाही. कुणी देवाची निंदा केली की तो आत्मा मिळेल या आशेनं आम्ही येतोच. पुढे चोवीस वर्षांत फॉस्टस करतो काय? गरोदर डचेसला ऐन थंडीत द्राक्षं आणून देतो आणि अदृश्य होऊन पोपला चपराक मारतो. पोपनं १५७० साली राणीला बहिष्कृत केलेलं, तेव्हा त्या चपराकीला टाळ्या पडल्या असणार. मला ते प्रवेश कंटाळवाणे वाटतात.

करारनाम्याचा प्रवेश मात्र पुनःपुन्हा वाचावा असा. फॉस्टस दंडावर घाव घालून रक्तानं लिहायला बसतो आणि रक्त गोठतं. मेफिस्टोफिलिस निखारे आणतो, त्या धगीवर ते पातळ होतं. करार पुरा होताच फॉस्टसच्या तोंडी येतात ते ख्रिस्ताचे क्रुसावरचे अखेरचे शब्द. तेवढ्यात दंडावर अक्षरं उमटतात: पळ. निकाल आधीच लागलेला असेल तर रक्त थांबवायचं कशाला, इशारा द्यायचा कशाला? आणि लागलेला नसेल, तर त्याला पळता का येत नाही? मार्लो कुणाच्याच बाजूनं कौल देत नाही. वर्गातल्या त्या प्रश्नालाही माझ्यापाशी याहून पुढचं उत्तर नव्हतं.

वाचणार असाल तर आधी १६०४चीच संहिता घ्या. ती जास्त निष्ठुर आहे आणि माझ्या मते जास्त चांगली. शेजारी रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय उघडा असू द्या, आणि तेविसावं वचन पूर्ण वाचा.