सापडलं तरी तिथंच ठेवायचं

मार्चच्या सुरुवातीला सिअ‍ॅटलच्या उद्यानांत सगळं उघडं पडलेलं असतं. मेपल आणि अल्डरला अजून पालवी नसते. उन्हाळ्यात हिरव्या भिंतीआड दडणारी आडवी खोडं, त्यांच्यावरचं शेवाळ, नेच्यांच्या बुडाशी राहिलेली पोकळी असं सारं नजरेत येतं. जिओकॅशिंग करणाऱ्यांना हे दिवस फार आवडतात. उपग्रहांच्या मदतीने दिलेले अक्षांश-रेखांश गाठायचे, तिथे कुणी दडवलेली डबी हुडकायची, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबी होती तशी, होती तिथे ठेवून निघायचं, एवढाच हा खेळ. फोन आपल्याला काही मीटरपर्यंत नेतो. पुढे डोळेच कामाला येतात. काटक्यांचा एखादा ढीग जरा जास्तच नीटनेटका दिसला की अनुभवी माणूस तिथे थांबतो. सिअ‍ॅटलशेजारच्या रेडमंड-बेलव्ह्यूकडच्या मराठी घरांतूनही पावसाने उघडीप दिली की रबरी बूट बाहेर निघतात. हिवाळाभर घरात कोंडलेलं मूल ‘चल, फिरून येऊ’ म्हटल्यावर जागचं हलत नाही, पण डबा शोधायला जायचंय म्हटलं की सगळ्यांच्या आधी दारात उभं असतं.

आपल्या गोष्टींतलं दडवलेलं धन फार वेगळं असतं. त्याच्यावर नाग बसलेला असतो, त्याला अमावास्येची रात्र लागते, कधी बळीही लागतो. शोधणारा चोरपावलांनी येतो आणि हाती लागलंच तर सख्ख्या भावालाही पत्ता लागू देत नाही. माणसाचा हा स्वभाव सरकारलाही ठाऊक होता. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवलंच पाहिजे, असा कायदा १८७८ मध्ये झाला. उद्यानातल्या डबीत मात्र गोटी, किल्लीची साखळी, प्लास्टिकचा डायनासोर असला ऐवज असतो. त्यातलं काही घ्यायचं असेल तर तितक्याच मोलाचं दुसरं काही ठेवायचं. मुलं हा नियम किती गांभीर्याने पाळतात ते पाहण्यासारखं असतं. खिशातली गाडी द्यावी की न द्यावी याचा विचार ओल्या खोडावर बसून बराच वेळ चालतो. आणि हे सगळं ज्याने ठेवलं तो तिथे नसतो. पाणपोई घालणारा पिणाऱ्याचं नाव-गाव विचारत नाही, तसा तोही कुणाला काही विचारत नाही.

हा खेळ जिथून सुरू झाला त्या गोष्टीकडे मी वारंवार परततो. अमेरिकी लष्कराने उभारलेल्या जीपीएस उपग्रहांचे संकेत सामान्यांनाही मिळत, पण मुद्दाम बिघडवून. जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. मे २००० च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने हा बिघाड काढून टाकला गेला. लगेच, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. बादलीत पुस्तकं, सॉफ्टवेअर, गलोल आणि घेवड्याचा एक डबाही होता. तीन दिवसांत माइक टीग नावाचे गृहस्थ ती शोधत तिथे पोचले. क्षेपणास्त्रं आणि जहाजं यांच्यासाठी घडवलेली विद्या सगळ्यांच्या हाती आली, आणि तिच्या अगदी सुरुवातीच्या उपयोगांपैकी हा एक: अनोळखी माणसासाठी रानात काहीतरी ठेवून येणं. मला यात फार मोठा दिलासा वाटतो.

सिअ‍ॅटलच्या डिस्कव्हरी पार्कमध्ये फिरताना हे जास्तच जाणवतं, कारण इथली जमीनही लष्कराकडूनच आलेली आहे. प्युजेट साउंडच्या काठावरच्या कड्यावर इथे फोर्ट लॉटन नावाचा लष्करी तळ होता. लष्कराला त्याची गरज उरली नाही तेव्हा ही जमीन कुणाची, हा प्रश्न उभा राहिला. मार्च १९७० मध्ये, म्हणजे याच ऋतूत, बर्नी व्हाइटबेअर यांच्या नेतृत्वाखाली मूळनिवासी तळाच्या कुंपणावरून आत शिरले. ही आमच्या पूर्वजांची भूमी आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. धरपकड झाली, वाटाघाटी झाल्या, आणि शेवटी जमिनीचा एक तुकडा त्यांना ९९ वर्षांच्या करारावर मिळाला. तिथे १९७७ मध्ये डेब्रेक स्टार हे सांस्कृतिक केंद्र उघडलं. उरलेल्या भागात १९७३ पासून शहराचं उद्यान आहे, ५३४ एकरांचं. ‘सार्वजनिक’ अशी पाटी लावली म्हणून एखादी जागा सगळ्यांची होत नाही. कुणाला तरी ती मागावी लागते, कुणाला सोडावी लागते, आणि पुढे येणाऱ्या प्रत्येकाला तिथे स्वतःचा हात थोडा आवरावा लागतो. डबी जागेवर ठेवून परत फिरणं हा या हात आवरण्याचा अगदी लहान, मुलांनाही जमणारा सराव आहे, असं मी मानतो.

अनोळखी माणसावर टाकलेला हा विश्वास सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही, हेही सांगायला हवं. झुडपात हात घालून काहीतरी चाचपणारा माणूस बघणाऱ्याला संशयास्पदच वाटतो. २०११ मध्ये इंग्लंडमधल्या वेदरबी गावात अशी एक डबी बॉम्ब समजून पोलिसांनी बोलावलेल्या पथकाने उडवून दिली होती. तेव्हापासून जागेच्या मालकाची परवानगी आणि डब्यावर स्पष्ट नाव यांची गरज सगळ्यांनाच जास्त पटली. पण परवानगी कागदावर असते आणि नजर रस्त्यावर. सावळ्या रंगाचा, दाढी वाढलेला माणूस एकटाच पार्कमधल्या बाकाखाली वाकला, तर त्याच्याकडे बघणाऱ्याच्या मनात काय येईल, याचा हिशेब त्याला आधीच करावा लागतो. आपल्यातले बरेचजण म्हणूनच मुलांना बरोबर घेऊन जातात. मूल सोबत असलं की तोच माणूस लगेच निरुपद्रवी ठरतो. ज्या खेळाचा पाया अनोळखी माणसावरचा भरवसा हा आहे, त्या खेळाने या गोष्टीबद्दल मोकळेपणाने बोललं पाहिजे.

आणि मग मार्चमधली जमीन. शोधायला सगळ्यात सोपे दिवस तेच पाऊल टाकायला सगळ्यात वाईट. पावसाने माती लोण्यासारखी झालेली असते. दलदलीत स्कंक कॅबेजची पिवळीधमक फुलोऱ्याची वाटी वर आलेली असते. ही वनस्पती आपल्या अळवाच्या आणि सुरणाच्या कुळातली. पावसाळ्यात ठाणे-रायगडकडे बाजारात येणारी शेवळंही त्याच कुळातली, आणि खाजरेपण सगळ्यांच्या अंगात आहे. त्याच सुमारास झाडांखालच्या ओलसर उतारांवर ट्रिलियम उगवतं: तीन पानं, त्यांवर तीन पाकळ्यांचं पांढरं फूल. बी पडल्यापासून पहिलं फूल यायला बरीच वर्षं जातात, बहुधा सात-आठ तरी. वर्षभराचं अन्न ते त्या तीन पानांच्याच बळावर तयार करतं. पानं तुडवली गेली की झाड कित्येक वर्षं मागे पडतं, कधी मरतंही. वाटेपासून पाच-सहा मीटर आत ठेवलेल्या एखाद्या डबीसाठी चार-दोन कुटुंबं येऊन गेली तरी एक नवी पायवाट उमटते. पुढचा माणूस तीच वाट धरतो, आणि पावसाळी मातीत ती हंगामभर मिटत नाही.

खेळाच्या कर्त्यांना हे कळत नाही असं नाही. आज जागेच्या मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय डबा पुरायला मनाई आहे, म्हणजे उल्मर यांची ती पहिली बादली आजच्या नियमांत सहजी बसली नसती. दोन डब्यांत निदान १६१ मीटर अंतर लागतं. येताना पिशवीभर कचरा उचलून आणण्याची प्रथा २००२ पासून चालू आहे. भूरूपं पाहून प्रश्नांची उत्तरं द्यायची, जागेवर काहीच ठेवायचं नाही, असा प्रकारही २००४ पासून आहे; त्याला अर्थकॅश म्हणतात. मुलांना डबा लागतो हे खरं, पण थोडी मोठी झाली की हिमनदीने आणून टाकलेला धोंडा हाही त्यांना मोठा ठेवा वाटू शकतो.

माझं म्हणणं याच्या एक पाऊल पुढचं आहे. डब्याची नोंद काही काळ बंद ठेवायची सोय त्याच्या मालकाला आधीपासूनच आहे. डबा भिजला, हरवला की ती वापरतात. ट्रिलियमच्या उतारावरचे, ओढ्याकाठचे, वाटेपासून आत असलेले डबे मार्चपासून मेअखेरपर्यंत मालकांनी स्वतःहून बंद ठेवावेत, आणि त्या महिन्यांत नवे डबे वाटेच्या कडेला, बाकापाशी, कुंपणाच्या खांबापाशीच ठेवावेत. अशा जागी चाकाच्या खुर्चीतलं मूलही पोचतं. डब्यांच्या नोंदीत वाट किती अवघड आहे याला एक ते पाच तारे देतात, आणि एक तारा म्हणजे खुर्ची नेता येईल अशी जागा. वसंतात एकतारी डब्यांची संख्या वाढली तर मुलांचं काही बिघडणार नाही. काहींची तर पहिल्यांदाच सोय होईल.