आजारी नसताना दिलेलं औषध

एन्टेरोकोकस नावाचे जिवाणू आपल्या आतड्यात कायमच राहतात. धडधाकट माणसाला त्यांचा काही उपद्रव नसतो. पण आजाराने खंगलेल्या रुग्णाच्या रक्तात ते लघवीच्या नळीवाटे किंवा एखाद्या जखमेतून उतरले, की थेट हृदयाच्या झडपांवर ठाण मांडू शकतात. सेफॅलोस्पोरिन गटातली प्रतिजैविकं त्यांच्यावर मुळातच चालत नाहीत. नेहमीची औषधं हरली की व्हॅन्कोमायसिनचा आधार असे. १९८०च्या दशकात युरोपात त्यालाही न जुमानणारे एन्टेरोकोकस सापडले.

संशोधक माग काढत गेले, तेव्हा तसेच जिवाणू कोंबड्या-डुकरांमध्येही निघाले. तिथे खाद्यात ॲव्होपार्सिन मिसळत असत. जनावरं आजारी नव्हती. त्यांचं वजन लवकर भरावं, एवढ्यासाठी. ॲव्होपार्सिन हे व्हॅन्कोमायसिनचं सख्खं भावंड, त्यामुळे एकाला पुरून उरलेला जिवाणू दुसऱ्यालाही दाद देत नाही. माणसाचा जीव वाचवणाऱ्या औषधाची धार काही किलो मांसासाठी घालवावी, याचं मला फार वाईट वाटतं.

डेन्मार्कने १९९५ साली ॲव्होपार्सिन बंद केलं, १९९७मध्ये युरोपीय संघाने. डेन्मार्कच्या कोंबड्यांमधले हट्टी जिवाणू झपाट्याने घटले. डुकरांमधले मात्र हलेनात. कारण त्यांच्यात टायलोसिन या दुसऱ्या औषधाला तोंड देणारं जनुक व्हॅन्कोमायसिनवाल्या जनुकाच्या शेजारीच, एकाच प्लास्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या एकाच सुट्या कड्यावर होतं, आणि टायलोसिन डुकरांच्या खाद्यात चालूच होतं. १९९८नंतर त्याचा वापर उतरला, तेव्हा कुठे तेही कमी झाले.

सगळा दोष पशुखाद्याचा नाही, हेही सांगायला हवं. अमेरिकेत ॲव्होपार्सिनला परवानगीच नव्हती, तरी तिथल्या रुग्णालयांत हे जिवाणू फोफावले, ते माणसांना दिलेल्या प्रतिजैविकांच्या भरमसाट वापरामुळे.

भारताने २०१९ साली कोलिस्टिन हे राखीव औषध खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांना द्यायला मनाई केली. फार मोलाचा निर्णय होता तो. पण साध्या सर्दीलाही औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक आणण्याची आपली सवय अजून गेलेली नाही. सर्दी विषाणूंची, त्या गोळीने तिला काहीच होत नाही. आतड्यातल्या जिवाणूंपर्यंत मात्र ती पोहोचते, आणि त्यांतले तिला पुरून उरणारेच मागे राहून वाढतात.