यजमान नसलेलं घर

गेल्या मे महिन्यात आम्ही घरची आठ माणसं अलिबाग तालुक्यात किहीमजवळच्या एका व्हिलामध्ये दोन रात्री राहिलो. पांढऱ्या भिंती, जमिनीपासून छतापर्यंत काचा, समोर कातरलेली हिरवळ आणि तिच्या मधोमध निळ्या फरशीचा स्विमिंग पूल. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मला जाग आली, ती फाटकाच्या आवाजाने. केअरटेकरची बायको डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन आत येत होती. रस्त्याकडेच्या नळाला एक दिवसाआड पाणी येतं, ते भरून ती निघाली होती. मागच्या खोलीकडे जायची तिची वाट काठोकाठ भरलेल्या पुलाच्या कडेने जात होती. मी विचारलं, "इथे बोअर आहे ना?"

"आहे ना ताई. पण होळी झाली की मचूळ होतं. डाळ शिजत नाही त्यात."

"आणि पुलात?"

"त्याला टँकर येतो."

एवढंच बोलणं झालं. तिच्या स्वरात तक्रार नव्हती. घरी आल्यावर मी कागद घेऊन बसले. दहा मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल अशा पुलात ५०,००० लिटर पाणी मावतं. दहा हजार लिटरचे पाच टँकर. २०१९मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने गावातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी मिळावं असं ठरवलं आहे. त्या मापाने पाच माणसांच्या कुटुंबाचं सहा महिन्यांचं पाणी त्या पुलात होतं.

लेख इथेच संपवला असता तर तो सोपा झाला असता, आणि खोटाही. पूल रोज रिकामा होत नाही. पाणी गाळून, क्लोरीन टाकून तेच महिनोन्‌महिने वापरतात. उन्हाने रोज पाच मिलिमीटर पाणी उडून जातं असं धरलं, तर चाळीस चौरस मीटरच्या पुलातून दिवसाला २०० लिटर जातात. ज्या हिरवळीवर आम्ही चटई टाकून बसलो होतो ती दोनशे चौरस मीटर तरी असेल, म्हणजे त्याच हिशेबाने तिला रोज १,००० लिटर लागतात. त्यात आम्ही आठजण, दोन वेळा शॉवर, पुलात उतरण्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा. पूल डोळ्यात भरतो म्हणून त्याच्यावर राग काढणं सोपं असतं. पाणी खरं जातं ते आपल्या नकळत, आणि ते कुठून येतं हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं.

या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तरी एप्रिल-मेमध्ये टँकर धावतात. खाली काळा पाषाण आहे, त्यात पाणी फारसं मुरत नाही, उतारावरून ते समुद्रात जातं. गोडं पाणी साठतं ते मुख्यतः किनाऱ्यालगतच्या पुळणीत, वाळूच्या पट्ट्यात. तिथे ते जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते किंचित हलकं असतं. घायबेन आणि हर्झबर्ग या दोन अभियंत्यांच्या नावाने ओळखलं जाणारं एक गणित आहे: समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल, तर त्याच्या भाराने खाली साधारण चाळीस मीटरपर्यंत खारं पाणी दाबलेलं राहतं. हे गणित उलटं वाचलं की धडकी भरते. उपसा करून वरची पातळी एक मीटरने कायमची उतरवली, की खालचं खारं पाणी चाळीस मीटरने वर यायला मोकळं होतं. मचूळ पाणी म्हणजे त्या चढणाऱ्या समुद्राची पहिली चव. एकदा खारावलेली विहीर गोडी व्हायला किती पावसाळे लागतील ते कोणी सांगू शकत नाही.

अष्टागरातल्या, म्हणजे अलिबागच्या या किनारपट्टीवरच्या, माणसांना हे गणित कागदावर ठाऊक नव्हतं, पण त्यांच्या वाड्या त्यावरच उभ्या होत्या. चौल, रेवदंडा, नागाव, आक्षी इथल्या नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये विहिरीवर रहाट असे. बैल किंवा रेडा फिरे, माळेतली मडकी एकामागून एक वर येत, पाणी डोणीत पडे आणि पाटाने झाडाझाडाच्या आळ्यात जाई. रहाट मंद चालायचा. जनावर दमलं की थांबायचा, आणि तेवढ्या वेळात विहीर भरून यायची. पंपाला दम लागत नाही. रहाट परत आणा असं मी म्हणणार नाही, ज्यांनी पहाटेपासून रेड्यामागे फेऱ्या मारल्या त्यांना विचारल्याशिवाय असं म्हणण्याचा मला अधिकारही नाही. मला त्यातली एकच गोष्ट हवी आहे. पाणी उपसणारा आणि विहिरीचा तळ बघणारा तेव्हा एकच माणूस होता.

नियम करणाऱ्यांनाही हे कळलं होतं. १९९१च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत भरतीरेषेपासून दोनशे मीटरच्या आत भूजल उपसायला बंदी घातली गेली. दोनशे ते पाचशे मीटरच्या पट्ट्यात साध्या विहिरीतून, हाताने आणि फक्त पिणं, बागायत, शेती व मासेमारी यांसाठी पाणी काढायची मुभा ठेवली. २०११च्या अधिसूचनेतही हे कलम जवळपास तसंच राहिलं. ज्याने ते लिहिलं त्याच्या डोळ्यांसमोर पुळणीतलं पाणी होतं, यात शंका नाही. पण कलम पाळलं जातं ते रोज विहिरीत डोकावणारं कोणी असेल तरच. व्हिलाचा मालक मुंबईत किंवा पुण्यात असतो, बुकिंग मोबाइलवर होतं, किल्ली केअरटेकर देतो आणि पाहुणा दुपारी येऊन परवा सकाळी अकराला निघतो. या साखळीत विहिरीची चिंता करणारा एकच माणूस उरतो, आणि नेमकं त्याचंच म्हणणं कोणी ऐकून घेत नाही.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आम्ही नागावला घरगुती सोयीत राहायचो. पडवीतल्या दोन खोल्या, न्हाणीघर मागे वाडीत. तिथले काका सकाळी चहा देताना पंचांग न उघडता सांगायचे, "आज अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. संध्याकाळी सहाला भरती पुरी. कुलाबा किल्ल्यात बाराच्या सुमाराला जा आणि दोनच्या आत पाण्याबाहेर या." तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा हिशेब मी तिथे शिकले. त्याच दमात ते म्हणायचे, "पाणी जपून हो, विहीर खाली गेलीय." आम्ही जपून वापरायचो. यात आमचा मोठेपणा नव्हता. ज्या विहिरीचं पाणी आम्ही ओतत होतो तिच्या मालकाच्या हातचा चहा आम्ही पीत होतो, आणि अशा वेळी माणूस आपोआप हात आखडता घेतो.

यजमान असण्याचा खरा अर्थ हा आहे असं मला वाटतं. तो पाहुण्याची सरबराई करतो, आणि त्याला आवरतोही. समुद्र कधी धोक्याचा, विहीर कधी खाली, शेजारी कोण आजारी आहे म्हणून गाणी हळू लावा, हे सगळं तो सांगतो. आज आपण भाडं भरतो तेव्हा ज्या स्वातंत्र्याचे पैसे मोजतो, ते बऱ्याच अंशी या सांगणाऱ्या आवाजापासूनचं स्वातंत्र्य असतं. व्हिलामध्ये सगळं आहे, पण 'नको' म्हणणारं कोणी नाही.

तरीही त्या जुन्या पडवीकडे परत चला असं मी म्हणू शकत नाही. याची कारणं दोन आहेत, आणि दोन्ही मला जवळची आहेत.

माझ्या एका मैत्रिणीला अशाच एका घरगुती सोयीत आधी आडनाव विचारलं गेलं. तिने सांगितलं. पाच मिनिटांपूर्वी रिकामी असलेली खोली मग भरलेली निघाली. नवरा आणि लहान मुलीसह ती त्या संध्याकाळी एसटीने परत आली. जो आवाज 'पाणी जपून' म्हणतो तोच आवाज 'तुम्ही कोण' असंही विचारू शकतो, आणि आपल्याकडे तो विचारत आलेला आहे. मोबाइलवरचं बुकिंग आडनावाला किती जागी अडवतं ते मला माहीत नाही, पण त्या मैत्रिणीला विनायजमानाचं घर मोकळं वाटतं आणि तिला ते तसं वाटणं मला पूर्ण पटतं.

दुसरं कारण माझी आई. ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, कराडची. कृष्णेच्या घाटावर तिने वर्षानुवर्षं धुणं धुतलं. भाऊ पाण्यात सूर मारायचे, बहिणी पायरीवर बसायच्या. किहीमच्या समुद्रावरही ती घोटाभर पाण्यात साडी सावरत उभी राहिली, कारण किनाऱ्यावर माणसं होती. त्या रात्री व्हिलाच्या भिंतींआड, नातीचा टी-शर्ट आणि सलवार घालून ती पुलात उतरली. गळ्यापर्यंत पाण्यात गेली. आधी दांडी धरून, मग नातीचा हात धरून, आणि मग दोन-तीन क्षण काहीच न धरता. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी याआधी पाहिलं नव्हतं. नदीकाठी जन्म घालवलेल्या बाईला पाण्यात शिरायला चौऱ्याहत्तर वर्षं आणि एक उंच कुंपण लागलं. ते ५०,००० लिटर वाया गेले असं मी म्हणणार नाही, कधीच नाही.

म्हणून प्रश्न पूल असावा की नसावा हा नाहीच. व्हिलामध्ये पाण्याबद्दल सांगणारं, आणि ज्याचं ऐकलं जाईल असं माणूस कोण, हा आहे. आणि ते माणूस तिथे आहे. मागच्या खोलीत राहतं, आपल्या ताटात भाकरी वाढतं.

अलिबागच्या मातीला या प्रश्नाची एक जुनी बाजू आहे. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं याच तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांच्या कुळांनी खोतांची जमीन कसायला नकार दिला. नारायण नागू पाटील त्यांचे नेते होते, आणि बाबासाहेब आंबेडकरांनी संपाला पाठिंबा दिला होता. शेतं पडीक राहिली, लोक उपाशी राहिले, पण संप मोडला नाही. १९३९चा कूळ कायदा आणि पुढे १९४८चा कायदा यांच्यामागे त्या उपाशी वर्षांचं वजन आहे. १९४८च्या कायद्याने शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही, ती जमीन कसणाऱ्याकडे राहावी म्हणून. आज मांडव्याला उतरणाऱ्या रो-रो बोटीतून गाड्याच्या गाड्या बाहेर येतात. २०२० साली ती सुरू झाली, २०२४च्या जानेवारीत अटल सेतूही खुला झाला, आणि मुंबई इतकी जवळ आली की गुंठ्याचा भाव भाताच्या कुठल्याही पिकाला पेलवणारा राहिला नाही. जमीन विकणाऱ्याला दोष द्यायला मी धजत नाही. मुलीचं लग्न, मुलाचं शिक्षण, खारावलेलं शेत, ही त्याची कारणं खरी आहेत. पण ज्या जमिनीचे मालक होण्यासाठी आजोबा सहा वर्षं झगडले, तिथेच नातू किल्ल्या सांभाळायला असेल, तर निदान तिथल्या पाण्याबद्दल शेवटचा शब्द तरी त्याचा असावा.

हे अशक्य नाही. दोनशे चौरस मीटरच्या छपरावर दोन मीटर पाऊस पडतो, म्हणजे ४ लाख लिटर पाणी. एका पुलाच्या आठपट. आज ते पन्हळीतून गटारात जातं. ते गाळून विहिरीत सोडलं, तर खाली तरंगणाऱ्या गोड्या पाण्याला वरून भार मिळेल. व्हिलाला परवानगी देताना ग्रामपंचायतीने हे बंधनकारक करावं, बोअरला मीटर बसवावा, आणि मीटर वाचून मार्चनंतर पूल भरायचा की नाही हे ठरवायचा हक्क केअरटेकरला लेखी द्यावा. हिरवळीऐवजी माडाची आळी करावीत. माडही पाणी पितो, पण नारळ देतो, सावली देतो आणि शॉवरचं सांडपाणी त्याला चालतं. आपण भाडेकरूंनी पूल किती फूट आणि वायफाय आहे का यांच्या जोडीला एक प्रश्न आणखी विचारावा.

मी तो विचारायला सुरुवात केली आहे. या वर्षी आईने पुन्हा पुलाचा विषय काढला, तेव्हा मी त्याच व्हिलाच्या नंबरवर फोन केला. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या तारखा सांगितल्या आणि विचारलं, तेव्हा विहिरीला पाणी असतं का, पिण्याचं कुठून येतं. पलीकडचा मुलगा गोंधळला. "मॅडम, पाण्याची काही अडचण नाही, टँकर आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, तिथे राहतात त्यांना विचारून सांगा. संध्याकाळी दुसऱ्या नंबरवरून फोन आला. आवाज मी लगेच ओळखला.

"ताई, मेमध्ये नका येऊ," ती म्हणाली. "आईंना घेऊन दिवाळीनंतर या. तेव्हा विहीर वरपर्यंत असते."