रिपोर्ट येईपर्यंत देव पाण्यात

बंगळुरात कनकपुरा रस्त्यावर बनशंकरीचे देऊळ आहे, 1915 सालचे. मूळ देवी बदामीजवळची. महाराष्ट्रातल्या अनेक देशस्थ घराण्यांची आणि देवांग कोष्टी समाजाची ती कुलस्वामिनी असल्यामुळे पौषातले शाकंभरी नवरात्र आपल्याकडेही ओळखीचे आहे. बंगळुरातल्या देवळाची एक रीत मात्र पंचांग पाळणाऱ्याला चक्रावून टाकते. इथे राहुकाळातल्या पूजेला विशेष मान आहे : मंगळवारी साधारण तीन ते साडेचार, शुक्रवारी साडेदहा ते बारा, रविवारी साडेचार ते सहा. ज्या दीड तासात कुणी शुभकार्याला हात घालत नाही, नेमक्या त्याच वेळी बायका लिंबू अर्धे कापतात, रस पिळून साल उलटी करतात आणि त्या इवल्या वाटीत तूप-वात घालून देवीपुढे लावतात. मागणे बहुधा अडलेल्या गोष्टींचे असते. त्यातलेच एक इथे विचारात घेऊ. महिनोन्महिने पोट ठिकाणावर नाही, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ, तपासण्या झालेल्या आहेत आणि रिपोर्ट यायचा आहे. अशा माणसाने देवाकडे नेमके काय मागावे?

प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे, कारण निकाल आधीच लागलेला असतो. कोलोनोस्कोपीत काढलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये ठेवतात, मग मेणात बसवून त्याचे पातळ काप घेतात, रंगवतात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. याला काही दिवस जातात. आपल्या देशात आतड्याचा क्षय आणि क्रोन्सचा आजार एकमेकांसारखे दिसतात. क्षयाचे जंतू वाढतात का हे पाहायचे, तर सहा आठवडेही थांबावे लागते. पण जे असेल ते आतड्यात आजच आहे. ‘काही निघू नये’ असे साकडे घालणे म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीत बदल मागणे. ज्यूंच्या मिश्ना या धर्मग्रंथाने अशी प्रार्थना व्यर्थ ठरवली आहे. गावात शिरताना आक्रोश ऐकू आला, तर ‘हा माझ्या घरातला नसो’ असे म्हणू नये, असे उदाहरणच तिथे दिले आहे. निवाडा कठोर आहे, पण प्रामाणिक आहे.

यावर मायकेल डमेट या इंग्रज तत्त्वज्ञाने 1964 साली एका निबंधात आक्षेप घेतला. देवाला भविष्य कळत असेल, तर तू आज प्रार्थना करणार हे त्याला कालच ठाऊक होते आणि कालच त्याने ती ऐकली असेल. यात तर्कदृष्ट्या वावगे काय? मला यात तर्काची चूक सापडत नाही. अडचण दुसरीकडे आहे. निकालावरच प्रार्थना बांधली आणि रिपोर्ट वाईट आला, तर भक्ताच्या पदरात दुखणे पडतेच, शिवाय आपलीच भक्ती कमी पडली हा अपराधही पडतो. इतकी शिक्षा कुठल्याही देवाला शोभत नाही.

मुळात त्या दिवसांत माणसाला छळते ते काय? 2016 साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात झालेल्या एका प्रयोगात विजेचा हलका झटका नक्की बसणार आहे हे माहीत असताना लोक जितके ताणाखाली होते, त्याहून जास्त ताण बसेल-न बसेल अशी निम्मी-निम्मी शक्यता असताना दिसला. आपल्या विषयाला आणखी जवळचा पुरावा मिशिगनच्या संशोधकांनी 2009 साली मांडला. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर पोटावर कायमची पिशवी बसलेल्या रुग्णांचे समाधान काही महिन्यांत वाढत गेले. ज्यांची पिशवी पुढे निघण्याजोगी होती, ती मंडळी मात्र तशी रुळली नाहीत. वास्तविक त्यांची अवस्था बरी होती. टांगणीला लागलेले मन वाईट बातमीशीही जुळवून घेऊ शकत नाही, कारण जुळवून घ्यायला बातमीच नसते.

आणि हा घोर डोक्यातच राहत नाही. वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाला क्ष-किरणांखाली मांजर बिथरले की त्याच्या जठराची हालचाल थांबलेली दिसली, त्याला सव्वाशे वर्षे झाली. समर्थांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात देहाच्या दुखण्यांची लांबलचक यादी आध्यात्मिक तापात घातली ती उगाच नव्हे. देह, इंद्रिये, प्राण आणि मन यांची दुःखे त्यांनी एकाच कप्प्यात ठेवली. म्हणून ‘सगळे मनाचे खेळ’ असे म्हणून रुग्णाला वाटेला लावू नये. काळजीने पोट आणखी बिघडते, तरी मूळ दुखणे खरेच असू शकते.

तेव्हा मागणे निकालाचे नको, मधल्या काळाचे हवे, असे माझे म्हणणे. राहुकाळाची पूजा इथे नकळत शहाणपण दाखवते. ती वाईट वेळेला चांगली म्हणत नाही आणि ती टाळतही नाही. तिला सुरुवात देते, शेवट देते आणि हाताला काम देते. गंमत अशी, की अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक यांनी 1983 साली काळजीवर जो उपाय सुचवला तो याच घाटाचा आहे : रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास काळजीच करायची आणि एरवी ती मनात आली की त्या वेळेवर ढकलायची.

मग देवी कशाला, घड्याळ पुरे, असे कुणी म्हणेल. ज्याला पुरते त्याने घड्याळ घ्यावे. श्रद्धाळूला फरक पडतो तो भार कुणाच्या तरी हवाली करता येण्याचा, आणि लिंबे घेऊन उभ्या असलेल्या रांगेत आपण एकटेच टांगणीला लागलेलो नाही हे दिसण्याचा. त्या रांगेतल्या बहुतेकांना हवा असतो तो निकालच, हे मला मान्य आहे. त्यांच्या नवसाला मी वेगळा अर्थ चिकटवत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : असा दिलासा मिळाला की माणूस डॉक्टरकडे जाणे लांबवतो. शौचातून रक्त, घटणारे वजन, रक्तक्षय, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, यांतले काहीही असेल तर काळजीने आपले काम चोख केले आहे आणि तपासणीआधी पूजा हा पळपुटेपणा ठरेल. नमुना प्रयोगशाळेत पोचल्यावर मात्र काळजीला करण्यासारखे काही उरत नाही.

शिवाय पोटाच्या दुखण्यात अनेकांचे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि त्रास तसाच राहतो. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम ओळखायचा 2016चा रोम निकषच मुळी लक्षणांवर बेतलेला आहे : गेले तीन महिने सरासरी आठवड्यातून निदान एक दिवस पोटदुखी, तिचा शौचाशी संबंध, आणि सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची. ‘काही निघू नये’ हे मागणे अशा माणसाच्या बाबतीत शब्दशः पुरे झालेले असते, आणि तरी दुसऱ्या दिवशी बसने कुठे जायचे म्हटले की वाटेत शौचालय कुठे आहे हे त्याला आधी पाहावे लागते.