पल्ला

गेल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या सुमारास माझा भाचा अमेरिकेहून घरी आला होता. मोंटाना राज्यात, बोझमन नावाच्या गावी, तो गेली नऊ वर्षे नोकरी करतो. जेवणे आटोपली होती, पुरणाने अंग जड झाले होते, आणि मी पानाला चुना लावीत बसलो होतो. तेवढ्यात त्याने आपला फोन माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही जन्मभर अंतरेच मोजलीत. यातले कोणते घेऊ, ते सांगा."

मी चष्मा लावून पाहिले. दुर्बिणीचे धाकटे भावंड शोभावे अशा, मुठीत मावणाऱ्या पाचसहा यंत्रांची चित्रे होती. किंमत शंभर-दीडशे डॉलरपासून सुरू होऊन तीन-चार हजारांपर्यंत चढत गेलेली. ती अंतर मोजण्याची यंत्रे होती, आणि शिकारीसाठी होती. माझी बहीण ताटे उचलता उचलता थांबली आणि म्हणाली, "आज घरात महालक्ष्म्या आहेत रे, आज तरी हा विषय नको!" विषय तेवढ्यापुरता थांबला, पण माझ्या डोक्यातून तो आजतागायत गेलेला नाही.

मी पाटबंधारे खात्यात सर्वेक्षक होतो. साखळी, फीत, थिओडोलाइट आणि पुढेपुढे प्रकाशाने अंतर मोजणारी यंत्रे, असा माझ्या नोकरीचा प्रवास. तेव्हा भाच्याने प्रश्न योग्य माणसाला विचारला होता असे म्हणायला हरकत नाही. आणि यंत्र म्हणून पाहिले तर ही वस्तू खरोखरच नामी आहे. बटण दाबले की डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचा एक ठोका सुटतो, समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो, आणि जाण्यायेण्याला लागलेल्या वेळावरून यंत्र अंतर सांगते. प्रकाश एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जातो. म्हणजे पाचशे मीटरवर जाऊन परतायला त्याला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांपैकी तीन-साडेतीन भाग लागतात. एवढा वेळ ही मुठीतली डबी मोजते आणि उत्तरात चूक करते ती मीटरभराची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ग्लासगोच्या बार अँड स्ट्राउड कंपनीने आरमारासाठी अंतरमापके केली, ती लांबलचक नळीच्या दोन टोकांना दोन डोळे बसवून. त्या नळीचे काम आज खिशातली वस्तू करते, हे पाहून माझ्यातला जुना सर्वेक्षक हरखला नसता तरच नवल.

म्हणून आधी मी त्याला कारागिराचा सल्ला दिला. डबीवर दोन हजार यार्ड छापलेले असतात त्यावर जाऊ नकोस; तो आकडा चकचकीत पाटीसारख्या वस्तूचा असतो. हरणाची कातडी प्रकाश पिऊन टाकते; तिथे पल्ला निम्म्यावर येतो, कधी त्याहूनही खाली. दुसरे म्हणजे किरण सुईसारखा बारीक राहत नाही, पसरत जातो. पाचशे मीटरवर तो हात-दोन हात रुंद झालेला असतो, आणि मग जनावराऐवजी अलीकडचे गवत उत्तर देते किंवा पलीकडचा खडक. जवळच्या वस्तूचे उत्तर घ्यायचे की लांबच्या, हे निवडण्याची सोय ज्यात असेल ते घे. डोंगरात जाणार असशील तर चढ-उताराचा हिशेब करणारे घे. तीस अंशांच्या उतारावर चारशे यार्डांचे अंतर दिसत असले तरी गोळीच्या दृष्टीने ते साडेतीनशेच्या आतच असते. धुके आणि हिमवर्षाव यांत कोणतेच यंत्र भरवशाचे नाही. थंडीत बॅटरी मान टाकते, ती अंगावरच्या खिशात ठेव. हे सगळे सांगताना मी रंगून गेलो होतो. सल्ला देण्याचे सुख फार मोठे असते.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र नाना आठवले.

नाना म्हणजे माझे वडील. ते परतवाड्याला वकिली करीत आणि हिवाळ्यात मेळघाटात शिकारीला जात. हे १९६३ सालचे. त्या काळी जंगलाचे ठरावीक भाग शिकारीसाठी परवान्यावर मिळत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते सारे संपले, आणि संपले हे बरेच झाले. मी बारा वर्षांचा होतो, आणि त्या खेपेला प्रथमच मला बरोबर नेले होते. संध्याकाळी आम्ही एका डोंगराच्या सोंडेवर बसलो होतो. मधे दरी, आणि समोरच्या सोंडेवर, झाडीच्या कडेला, एक सांबर येऊन उभे राहिले. मोठा नर होता. नानांनी डोळे बारीक केले आणि पुटपुटले, "दोनशे यार्ड." नेम धरला, चाप ओढला.

सांबर पडले नाही. ते उसळले, आणि तीन पायांवर झाडीत शिरले. आमच्याबरोबरचा कोरकू वाटाड्या एवढेच म्हणाला, "पाय गेला." दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून त्याने रक्ताचा माग काढला. दुपारपर्यंत पानांवर थेंब सापडत होते. पुढे खडकाळ भाग लागला आणि माग तुटला. नानांनी तिसऱ्या दिवशीही शोध घेतला. मग आम्ही परतलो. वाटेत त्यांनी माझ्याशी एक अक्षर काढले नाही, आणि मीही काही विचारले नाही. पुढे दोन-तीन हिवाळे ते शिकारीला गेले, पण दरीपलीकडच्या जनावरावर त्यांनी पुन्हा कधी बार काढला नाही.

दरीपलीकडची वस्तू जवळ वाटते, हे मी पुढे धंद्यात शिकलो. मधली जमीन डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मन ती हिशेबातच धरीत नाही. १९७८च्या सुमारास मेळघाटाचा नकाशा कामानिमित्त माझ्या टेबलावर आला, तेव्हा मला राहवले नाही. त्या दोन सोंडा मी शोधल्या आणि पट्टी लावली. पन्नास हजारास एक या प्रमाणात साडेसहा मिलिमीटर भरले. म्हणजे सव्वातीनशे मीटर. यार्डांत साडेतीनशेच्या वर. त्यांच्या रायफलीची गोळी त्या अंतरावर हातभर खाली लागणार, हे उघडच होते. खांद्यावर धरलेला नेम पायावर उतरला, तो असा.

त्या दिवाळीला घरी गेलो तेव्हा मी नानांना ते सांगितले. वाटले होते, ते हळहळतील. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला आणि ते म्हणाले, "म्हणजे माझा नेम चुकला नव्हता!"

या वाक्याने मी तेव्हा चरकलो आणि आजही चरकतो. नाना निष्ठुर नव्हते. पंधरा वर्षे त्यांनी ते सांबर मनात वागवले होते, याचीच ती खूण होती. परंतु मी पट्टी लावली आणि त्यांच्या खांद्यावरचे ओझे उतरवून ते आकड्याच्या खांद्यावर दिले. चूक माणसाची राहिली नाही, अंतराची झाली. त्या संध्याकाळी, उजेड सरत असताना, परक्या सोंडेवरच्या जनावरावर बार काढावा की नाही, हा प्रश्न होता तिथेच राहिला. आम्ही दोघांनी मिळून त्याच्या जागी भूमितीचे उदाहरण सोडवले.

पुराणांकडे पाहावे तर तिथे नेम चुकलेल्या शिकाऱ्याची गोष्ट मला आठवत नाही. शोकांतिका आहेत त्या नेम लागलेल्यांच्या. दशरथाने शरयूच्या काठी अंधारात घागर बुडण्याचा आवाज ऐकला आणि बाण सोडला; दिशा बरोबर, अंतर बरोबर. आजच्या कोणत्याही यंत्राला हेवा वाटावा असे ते मोजमाप होते, आणि बाण श्रावणाला लागला. प्रभासक्षेत्री जराव्याधाने श्रीकृष्णाच्या पावलावर धरलेला नेमही अचूकच होता. पंडूने हरणाच्या रूपातल्या किंदम ऋषीला मारले, तेव्हा राजाने क्षत्रियांच्या मृगयेचा दाखला दिला. त्यावर ऋषीचे उत्तर असे की, मारलेस याबद्दल माझा राग नाही, कोणत्या क्षणी मारलेस याबद्दल आहे. तिघांनाही 'किती दूर' हे ठाऊक होते.

आता कुणी म्हणेल, मारायचेच कशाला? हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. पण रविवारी पिशवी घेऊन मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभा राहणारा माणूस भाच्याला अहिंसा शिकवू लागला, तर रांगेतलेच लोक हसतील. अंतराचाच विचार करायचा तर बोकड आणि मी यांच्यात जेवढे अंतर आहे तेवढे भाचा आणि त्याचे एल्क यांच्यात खासच नाही. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ शोभेल असे हरीण. त्याचा परवाना काढावा लागतो, ऑक्टोबरअखेर सुरू होऊन पाच आठवडे चालणारा हंगाम पाळावा लागतो, आणि खाण्याजोगे मांस टाकून देणे हा तिथे गुन्हा आहे. भाचा ते स्वतः सोलतो, वाहून आणतो आणि वर्षभर खातो. माझ्या पिशवीपेक्षा हा व्यवहार अधिक सरळ आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

प्रश्न आहे तो लांबून मारण्याचा. पाचशे यार्डांवरच्या जनावराला ना माणसाचा वास येतो, ना चाहूल लागते. गोळी तर आवाजाच्याही आधी पोचते. थिओडोर रूझवेल्टने १८८७ साली स्थापलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने शिकारीचा एक दंडक घालून दिला आहे. 'फेअर चेस' म्हणतात त्याला. जनावराला निसटण्याची खरीखुरी संधी असली पाहिजे, हा त्याचा गाभा. या मंडळाने दूर पल्ल्याच्या गोळीबाराला नापसंती दर्शवली आहे. जनावराच्या नाकाकानांना जिथे काहीच वाव उरत नाही ती शिकार कसली, असा त्यांचा सवाल आहे. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटरच्या रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हा आपण सगळे आनंदलो. तिथे अंतर ठरलेले असते, आणि नेम हुकला तर गुण जातात. कागद झाडीत लंगडत जात नाही.

यंत्राच्या बाजूने बोलणारे एक गोष्ट सांगतात आणि ती खोटी नाही. पाचशे यार्डांच्या पुढे अंदाजात पन्नास यार्ड चुकले तर गोळी हातभर वरखाली जाते. एल्कच्या छातीतली मर्माची जागा मोठ्या ताटाएवढी. तेव्हा अंतर मोजून घेणे ही दयाच आहे. नानांजवळ ही डबी असती तर ते सांबर तीन पायांवर गेले नसते. मी यावर फार विचार केला. डबीने साडेतीनशे म्हणून सांगितले असते, तर नानांनी रायफल खाली ठेवली असती का? की माशी थोडी उंच धरून बार काढला असता? ज्या आकड्याने माणूस थांबतो, त्याच आकड्याने माणूस धजावतोही. वारा तर ती डबी मोजतच नाही, आणि ताशी पंधरा-सोळा किलोमीटरचा आडवा वारा पाचशे यार्डांवर गोळीला हातभर बाजूला नेतो. गोळीला तिथे पोचायला सेकंदाचा दोनतृतीयांश भाग लागतो. तेवढ्यात चरणारे जनावर सहज एक पाऊल टाकते. हे पाऊल मोजणारे यंत्र अजून झालेले नाही.

सकाळी चहाच्या वेळी मी भाच्याला विचारले, "यंत्राने सहाशे सांगितले तर काय करशील?"

"ते तर चांगलेच झाले, मामा. गणित करून मारता येते. आता तेही यंत्रच करून देते."

"आणि जखमी होऊन गेले तर सहाशे यार्ड चालत जाऊन माग कुठून सुरू करशील? नेमके कुठे उभे होते ते तरी सापडेल का?"

तो गप्प राहिला. मग मी त्याला सांबराची गोष्ट सांगितली; आजोबांची ही गोष्ट त्याने कधी ऐकली नव्हती. नकाशाची गोष्टही सांगितली. त्यावर तो म्हणाला, "मग तुम्हीच आकडा द्या." मी म्हटले, आकडा मी देणार नाही, ज्याच्या खांद्यावर रायफल त्यानेच तो घरी बसून, जनावर समोर नसताना ठरवावा. बराच वेळ कपाकडे पाहून तो म्हणाला, "तीनशे." आणि मधल्या किमतीचे एक यंत्र त्याने तिथल्या तिथे मागवले.

नोव्हेंबरात त्याचा फोन आला. एक एल्कची मादी, उघड्या माळावर, आडवी उभी, मन लावून चरत होती. यंत्राने चारशे बारा यार्ड सांगितले. तो ओहोळाच्या आडोशाने सरपटत पुढे निघाला; दीडशे पावले गेला असेल नसेल, वारा फिरला, तिने मान वर केली आणि ती टेकाडापलीकडे दिसेनाशी झाली. त्या हंगामात त्याला पुन्हा संधी मिळाली नाही. "फ्रीझर रिकामा आहे मामा, वर्षभर वरणभात!" तो हसत म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "खरे सांगू? हे यंत्र नसते तर मला ती अडीचशेवर वाटली असती. मी बार काढला असता."

हे ऐकून त्या डबीविषयीची माझी अढी पुष्कळ कमी झाली. परवा त्याचा निरोप आला. यंदाचा हंगाम जवळ आला आहे, तो दर शनिवारी सरावाला जातो, हात चांगला बसला आहे. तीनशेचे साडेतीनशे करायला काही हरकत नाही ना, असे त्याने विचारले आहे. मी अजून उत्तर पाठवलेले नाही.